घात आली की घात झाला?

शाळेच्या भिंतीवरची वाळू रगडून तेल काढणारी ओळ तुम्हीही वाचली असेल. निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेली, खाली ओल चढून पोपडे धरलेली. प्रयत्न केले की वाळूतूनही तेल गळतं, हे आपण दहा वर्षं प्रार्थनेच्या रांगेत उभं राहून रोज वाचलं.

मूळ श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकातला. मराठी रूप वामनपंडितांचं. आणि तो प्रयत्नांवर नाहीच.

भर्तृहरी सांगतो ते असं: एक वेळ वाळू रगडून तेल निघेल, मृगजळानं तहान भागेल, भटकता भटकता सशाचं शिंगही सापडेल, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाचं मन वळवता येणार नाही. म्हणजे वाळूतलं तेल हे अशक्य गोष्टींच्या यादीत आहे. आपण त्या यादीतली एक अशक्य गोष्ट उचलली, तिचं सुभाषित केलं आणि मूर्खाचा भाग गाळून टाकला.

तेव्हापासून रगडतोय.

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी सत्कार होतात. शाल, श्रीफळ, फेटा आणि एक वाक्य: मेहनतीला पर्याय नाही. टाळ्या. समोर बसलेल्या दोनशे मुलांपैकी एकानं तरी उठून विचारावं, मेहनत कशाची? कुठं? किती दिवस? आणि नाही जमलं तर थांबायचं कधी? या चार प्रश्नांची उत्तरं देणारा पाहुणा मी अजून व्यासपीठावर पाहिलेला नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी आकडा 90 वर नेला, रविवार धरून. देशभर वाद पेटला. 70 बरोबर की 90? 48 का नकोत?

तासांवर भांडलो. तास कशात घालायचे यावर कोणी तोंड उघडलं नाही.

मूर्तींचंच घ्या. 1981 साली पुण्यात त्यांनी पटनी कॉम्प्युटर्समधली नोकरी सोडली, सहा सहकारी बरोबर घेतले आणि बायकोच्या साठवणीतले 10 हजार रुपये घालून इन्फोसिस काढली. त्या वेळी भारतात बसून परदेशातल्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं, ही वाट फार थोड्यांना दिसत होती. त्यांना दिसली. पुढे ते राबले, भरपूर राबले, त्याबद्दल शंका नाही. पण तितकेच तास राबणारी माणसं त्या काळात पुण्यातल्या प्रत्येक कारखान्यात होती. वेगळी होती ती नोकरी सोडण्याची संध्याकाळ.

ती संध्याकाळ भाषणात येत नाही. 70 तास येतात.

आणि तासांचाच हिशेब लावायचा असेल, तर बीडच्या ऊसतोड मजुरापुढे कोण टिकेल? त्यांच्यात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटेच्या अंधारात, थंडीत, फडात शिरायचं. पाचटानं हात-पाय कापून घेत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. मूल बांधावर झोपलेलं. सुट्टी घेतली तर खाडा, आणि खाड्याचा दंड. सहा महिने हे चालतं, तेही आधी घेतलेली उचल फेडायला. पुढच्या वर्षी पुन्हा उचल, पुन्हा तोच फड.

मेहनतीनं यश मिळत असतं, तर महाराष्ट्रातले सगळ्यात यशस्वी लोक कोयत्यावर असते.

का नाहीत? कारण काय लावायचं, कधी तोडायचं, कुठल्या कारखान्याला घालायचं, टनाला भाव काय, यातला एकही निर्णय त्यांचा नाही. घाम त्यांचा, ठरवणारा दुसरा. या एका गोष्टीवर मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण ‘कष्ट मोठे की शहाणपण’ या वादात ती हमखास विसरली जाते.

आधी मामांचं रान.

माझं आजोळ मराठवाड्यात. तिकडे पेरणीजोगी ओल झाली की म्हणतात, ‘घात आली’. कोणी वापसा म्हणेल. जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, बी घेईल अशी. ही घात स्त्रीलिंगी. आणि सर्वनाश होतो तो घात पुल्लिंगी. शब्द तोच. ती साधली तर पीक आलं, चुकली तर तो झाला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगात एका संध्याकाळी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. दीड तास. नाले वाहिले, सगळं गाव खुशीत. सकाळी शेजारच्या रानात ट्रॅक्टर उतरला. मामांची पाच एकरं, घरात सोयाबीनच्या पिशव्या आणून ठेवलेल्या, ट्रॅक्टरवाला म्हणतोय आज नाही तर पुढच्या आठवड्यात. मामी खुरपं घेऊन रानात गेली, दोन ठिकाणी उकरून परत आली आणि म्हणाली, “अवो, चार दिस दम धरा. वर ओल हाय, खाली नुसता फुफाटा.”

बाईमाणसाला पेरणीतलं काय कळतं, असं कोणी बोललं नाही. पण ऐकलंही नाही.

पेरलं. पाचव्या दिवशी कोंब दिसले. आठव्या दिवशी ऊन पडलं, आणि मग अठरा दिवस आभाळ कोरडं. कोंब माना टाकून बसले. मामांनी हंड्यानं पाणी घालून बांधाकडच्या ओळी वाचवायचा प्रयत्न केला. पाच एकराला हंडे किती पुरणार? मोडलं, पुन्हा पेरलं. दुसऱ्या वेळचं बियाणं उधारीवर, खत उधारीवर, ट्रॅक्टरचं भाडं दुप्पट.

मामांच्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त कष्टाचं वर्ष ते. आणि सगळ्यात कमी पीकही त्याच वर्षाचं.

कृषी खातं दर जूनमध्ये ओरडून सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आकडा मामांना ठाऊक होता. गावात पर्जन्यमापक कुठं होतं? मंडळाच्या गावाला, अकरा किलोमीटरवर. तिथं पडलेला पाऊस मामांच्या रानातला नव्हे. मामांच्या रानातला पाऊस मोजायचं साधन एकच होतं. ते मामीच्या हातात होतं.

आपल्याकडे शहाणपण नसतं असं नाही. ते ज्याच्याजवळ असतं त्याला विचारलं जात नाही.

आता सिडनीला चला. फार लांब नाही, आपल्या शिवाजी पार्कवरूनच रस्ता जातो.

2003-04 चा ऑस्ट्रेलिया दौरा. सचिनच्या धावा वाचा. ब्रिस्बेन, शून्य. ॲडलेड, 1 आणि 37. मेलबर्न, शून्य आणि 44. घराघरांत तज्ज्ञ उगवले. संपला, थकला, सराव कमी पडतोय. सराव कमी? ज्या माणसाला आचरेकर सरांनी पोरवयात एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेऊन खेळवलं, स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून नाबाद राहायला शिकवलं, त्याला सराव कमी पडत होता?

जानेवारी 2004, सिडनी. स्टीव्ह वॉची शेवटची कसोटी. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावण्याचा मोह महागात पडतोय हे सचिननं ओळखलं होतं. त्यानं कव्हर ड्राइव्ह खेळायचाच नाही असं ठरवलं. जगात त्याच्याइतका देखणा कव्हर ड्राइव्ह मारणारे हातावर मोजण्याइतके. तो फटका त्यानं किटबॅगेत ठेवून दिला.

गोलंदाजांनी बाहेर टाकलं. सोडलं. पुन्हा बाहेर. सोडलं. हाफव्हॉली दिली, ज्यावर एरवी चौकार ठरलेला. तीही सोडली किंवा नुसती अडवली. शेवटी कंटाळून ते पायांवर टाकू लागले, आणि मग लेगला धावांचा पाट वाहिला. 436 चेंडू, दहा तासांहून जास्त वेळ, 33 चौकार, नाबाद 241. भारत 7 बाद 705.

मेलबर्नला शून्यावर बाद झालेला सचिन आणि सिडनीचा सचिन, दोघांमध्ये आठवड्याभराचं अंतर. मेहनतीत फरक किती? काहीच नाही. फरक एका ‘नाही’चा.

मान्य, कव्हर ड्राइव्ह सोडायला आधी तो यावा लागतो. शिवाजी पार्कची ती सगळी वर्षं पाठीशी नसती, तर एक फटका वजा करून उरलेल्या फटक्यांवर 241 करता आल्या नसत्या. कष्टांनी हात तयार केला म्हणून निर्णयाला हात मिळाला. हे मी कधीच नाकारणार नाही. पण आपण पोरांना काय शिकवतो? फक्त नेट. दिवसाला पाचशे चेंडू खेळ. कुठला चेंडू सोडायचा हे घरात कोण शिकवतं?

सोडणं हा शब्दच आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. अर्ध्यात सोडलं. मैदान सोडलं. हातचं सोडलं.

हे सगळ्यात जास्त कुठं बोचत असेल, तर पुण्यातल्या पेठांत.

सदाशिव, नारायण, नवी पेठ. पहाटे साडेपाचला अभ्यासिकांच्या जिन्यावर चपलांचा ढीग. आत अडीच फुटांचं टेबल, दोन्ही बाजूंना प्लाय, समोर महाराष्ट्राचा नकाशा, त्याखाली चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर पदाचं नाव. नाव स्वतःचं नाही, पदाचं. दुपारी मेसचा डबा, रात्री अकराला खाली चहा. गावाकडे बाप कोणाला तरी सांगत असतो, पोरगं चौदा-चौदा तास बसतंय, यंदा होणार.

2024 च्या यूपीएससी नागरी सेवा पूर्वपरीक्षेला सुमारे 5 लाख 83 हजार जण बसले. अखेरच्या यादीत 1,009 नावं.

यातलं साधं गणित कोणी मांडत नाही. उद्या सगळ्या 5 लाख 83 हजार जणांनी दुप्पट तास अभ्यास केला, तर किती निवडले जातील? 1,009. तिप्पट केला तर? 1,009. जागा मोजक्या आहेत. त्या तुमच्या घामानं वाढत नाहीत. मग न झालेल्या प्रत्येक पोराला ‘कुठंतरी मेहनत कमी पडली’ असं सांगणं हा अन्याय नाही का?

मेहनत कमी पडलेली नसते. किती वेळा द्यायचं, कितव्या वेळेला उठायचं, उठून कुठं जायचं, हे ठरवायला मदत करणारं माणूस कमी पडलेलं असतं. क्लासवाला सांगणार नाही, त्याचं दुकान चालतं. बाप सांगणार नाही, त्यानं चार जणांना सांगून ठेवलंय. मित्र सांगणार नाही, तो शेजारच्या टेबलावर बसलाय. एकोणतिसाव्या वर्षी मुलगा गावी जायचं टाळू लागतो, दिवाळीलाही. त्याला आळशी कोण म्हणेल?

त्यातल्या काहींनी शहाणपण दाखवलंच होतं. राज्यसेवेचा अभ्यास करता करता बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरून ठेवला. एक हुकलं तर दुसरं हाताशी. आणि ऑगस्ट 2024 मध्ये राज्यसेवा पूर्व आणि आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली, 25 ऑगस्टला. मुलांना रस्त्यावर बसावं लागलं, तेव्हा राज्य लोकसेवा आयोगानं आपली तारीख पुढे ढकलली. परीक्षा झाली 1 डिसेंबरला.

दुसरा दोर धरून ठेवावा, एवढा समजूतदारपणा वीस-बावीस वर्षांच्या पोरांकडे होता. तारखा ठरवणाऱ्यांकडे का नव्हता?

म्हणून मी म्हणालो होतो, पुन्हा येईन. ‘शहाणपण कष्टांहून मोठं’ हे वाक्य मला पटतं, पण ते गरिबाच्या तोंडावर फेकायला वापरलं की अंगाचा तिळपापड होतो. “अरे, डोकं वापरायचं ना!” डोकं वापरतोच तो. कांदेवाल्याला विचारा.

नाशिकचा कांदा उत्पादक जितका विचार करतो तितका शेअर बाजारातला माणूसही करत नसेल. रोप कधी टाकायचं, लाल किती, उन्हाळ किती, लासलगावला काय निघाला, पिंपळगावला काय, बांगलादेश माल उचलतोय का, मध्य प्रदेशात आवक कशी. उन्हाळ कांदा असेल तर चाळीत भरून चार-पाच महिने थांबता तरी येतं. थांबायचं म्हणजे काय, तर रोज सकाळी चाळीजवळ जाऊन वास घ्यायचा. आंबूस वास आला की समजायचं, आत कुठंतरी सडायला लागलं. मग अख्खी चाळ उपसायची, बोटांनी दाबून दाबून नासका वेगळा करायचा. लाल कांद्याला तेवढीही सवड नाही. काढला की विकायचा.

2023 चा खरीप घ्या. 19 ऑगस्टला निर्यातीवर 40 टक्के शुल्क. लाल कांद्याची लागवड तेव्हा चालू. तरीही हिशेब मांडून ज्यानं लावला, त्याचा डिसेंबरात माल निघायच्या वेळी, 8 तारखेपासून निर्यातबंदीच आली. ज्यांचा माल खळ्यावर होता, त्यांनी काय करायचं? लिलाव बंद पाडले, रस्त्यावर बसले. बंदी उठली मे 2024 मध्ये, तीही 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात ते 20 वर आलं आणि संपूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला.

त्या डिसेंबरातल्या लाल कांद्याला मे महिना कसा दाखवणार?

त्या शेतकऱ्याचे कष्ट चोख होते. अंदाजही चोख होता. चुकलं ते दिल्लीतल्या एका अधिसूचनेमुळे, आणि तिची किंमत भरली निफाड, येवला, चांदवडनं. ज्यानं निर्णय घेतला त्याचं काही गेलं नाही. हा माझा खरा राग आहे. चूक करण्याची मुभा एकाला आणि भरपाई दुसऱ्याला, ही वाटणी जोवर आहे तोवर कुठल्याही शेतकऱ्याला ‘योग्य निर्णय घ्या’ हे शिकवायला कोणी जाऊ नये.

योग्य निर्णयाला थांबण्याची ऐपत लागते. व्यापाऱ्याचं गोदाम थांबू शकतं. मुलीचं लग्न थांबत नाही, सोसायटीचं कर्ज थांबत नाही.

मग एकट्यादुकट्याला ही ऐपत येणार कुठून?

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लाखो माणसांनी खडी फोडली. बायका, म्हातारे, सगळे. रस्ते झाले, मजुरी मिळाली, जीव वाचले. पण पुढचा दुष्काळ आला की तीच माणसं पुन्हा खडीवर जाणार. विलासराव साळुंखे नावाचा पुण्याचा इंजिनीअर-उद्योजक हे पाहून अस्वस्थ झाला. एवढे हात, एवढा घाम, आणि पाणी अडवायला एक टोपलं नाही? पुरंदर तालुक्यातल्या नायगावला त्यानं पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. आणि ऊस लावायचा नाही.

दुष्काळी माळावर उसाला नाही म्हणणं हे कव्हर ड्राइव्हला नाही म्हणण्याहून कितीतरी अवघड. ऊस प्रतिष्ठा देतो, कारखान्याचं सभासदत्व देतो.

हिवरे बाजारनंही तेच केलं. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळानं आणि दारूनं पोखरलेलं होतं, लोक मजुरीला बाहेर पडत होते. पुढे श्रमदान झालं, चर खोदले, झाडं लावली. सगळे कौतुक करतात ते या श्रमदानाचं. फोटोत टिकाव-फावडी चांगली दिसतात. पण टिकाव-फावडी इतर शेकडो गावांनीही मारली होती, आणि तिथल्या चरांत आज गवत आहे. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. ऊस, केळी नको म्हटलं. दर वर्षी पाऊस मोजायचा, जमिनीत किती मुरलं ते मांडायचं, पिण्याचं आणि गुरांचं बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी, तर पीक कमी पाण्याचं.

गावानं एकत्र बसून ठरवलं की एकट्याच्या मानगुटीवरचं ओझं उतरतं. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रानात उतरला म्हणून आपणही उतरायचं, ही घाई तिथं उरत नाही.

यात एकही गोष्ट गुप्त नाही. वर्षानुवर्षं बसगाड्या भरभरून लोक हिवरे बाजार बघायला जातात. परत येऊन काय करतात? श्रमदान. ग्रामसभेची वही उघडून कोण आणतं?

मामांच्या गावात अजून पाण्याचा ताळेबंद नाही. पंचायतीसमोर श्रमदानाचा फलक आहे.

पण मागच्या एका जूनमध्ये मी तिकडे होतो. रात्री पाऊस झाला, जोराचा. सकाळी सहाला शेजारच्या रानात ट्रॅक्टरचा आवाज आला. मामा उठले, चहा न घेता ओसरीत येऊन बसले, पिशव्यांकडे बघत. ट्रॅक्टरवाल्यानं फाटकाशी गाडी उभी करून हाक मारली.

मामा उठले नाहीत. आत वळून म्हणाले, “अगं, बघून ये की.”

मामी खुरपं घेऊन निघाली. मीही मागून गेलो. बांधापासून दहा पावलांवर ती बसली आणि उकरायला लागली. चार बोटं काळी ओल. त्याखाली पांढुरकी, भुसभुशीत माती. अजून दोन ठिकाणी बघितलं. मूठभर माती उचलून दाबली. मूठ उघडल्यावर ती बोटांतून पिठासारखी गळाली.

फाटकातला ट्रॅक्टर तसाच फुरफुरत होता. मामीनं तिथूनच हात हलवला. जा म्हणून.